एका नंबरचे चार अर्ज

“चारी वेळा हिरवी पाटी आली, सर. अर्ज मिळाला म्हणून,” लाडकी म्हणाली. “मंग यादीत माझ्याच हंसाचं नाव कसं?”

वाणगावच्या आतल्या पाड्यावरची ही आशा आरोग्यसेविका पत्ता विचारत विचारत प्रदीप सावेच्या बोईसरच्या ऑफिसात आली होती. नर्सिंगच्या मोफत वसतिगृहाचा ऑनलाइन अर्ज प्रदीपने बनवलेला. पाड्यावर धड चालणारा फोन लाडकीचाच, म्हणून चार मुलींचे अर्ज तिने भरले. यादीत लागली फक्त तिची मुलगी हंसा. तेव्हापासून पाड्यावर तिच्याशी कोणी बोलत नव्हतं.

“नोंदी बघतो,” प्रदीप म्हणाला. मनात मात्र त्याने निकाल देऊन टाकला होता. बाईंनी बटण दाबलंच नसणार. चुकतं ते लोकांचं बोट, प्रोग्राम नाही, असं तो बारा वर्षं मानत आला होता.

सर्व्हरच्या नोंदीत चार अर्ज आलेले दिसत होते, चारही एकाच मोबाईल नंबरचे. अर्ज साठवायच्या तक्त्यात मात्र एकच उरला होता.

मग त्याला प्रोग्राममधली एक ओळ सापडली. माणसं घाईत दोनदा बटण दाबतात, म्हणून त्यानेच लिहून ठेवलेली: नंबर तोच असेल, तर जुन्या अर्जाच्या जागी नवा ठेव. एक नंबर म्हणजे एक माणूस, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

“हंसाचा अर्ज शेवटी भरलात?”

“मंग? आदी लोकांच्या पोरी. आपली मागून.”

प्रदीपला स्वतःची लाज वाटली. तिने आपली मुलगी मागे ठेवली होती आणि त्याच्या ओळीने तेवढीच ठेवून बाकीच्या पुसल्या होत्या. त्याने लगेच वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला फोन लावला. जागा भरल्या होत्या. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. मग त्याने चुकीची कबुली लिहून, सही करून कागद तिच्यापुढे धरला.

“कागद नको,” लाडकी म्हणाली. “मी वाचून दाखवला तर कोण मानल? तुमी चला. तोंडानं सांगा.”

दुपारी तो पाड्यावर, त्या तिघींपैकी एकीच्या आईच्या, नवसीच्या ओट्यापुढे उभा होता. बाकीच्या आयाही जमल्या होत्या.

“लाडकीताईंनी चारही अर्ज नीट भरले होते. तुमच्या मुलींचे तीन माझ्यामुळे गेले.”

“मंग आमच्या पोरींचं काय?” नवसीने विचारलं.

“पुढच्या वर्षी...” प्रदीप सांगू लागला. तिन्ही मुली दारातून बघत होत्या.

नवसीने लाडकीचा हात धरला आणि तिला शेजारी बसवून घेतलं. प्रदीपला कोणी बस म्हणालं नाही.