हातोडा पडल्यानंतर

बातमी आधीच लिहून ठेवलेली होती. दोन्ही.

एक: अखेर करार झाला. कोळसा बंद करण्यास सर्व देश राजी.

दुसरी: बोलणी फिसकटली. कोळशावर एकमत नाहीच.

यात लबाडी काही नाही. हवामान परिषद कधी संपेल याचा नेम नसतो आणि छापखाना कुणासाठी थांबत नाही. म्हणून झाडून सगळे बातमीदार दोन मसुदे तयार ठेवतात. अध्यक्षांचा हातोडा पडला की एक पाठवायचा, दुसरा पुसायचा.

मोठ्या वाहिन्यांची माणसं पंधरा-पंधरा. हा एका छोट्या देशाच्या वर्तमानपत्राचा, एकटा. खांबामागची खुर्ची, अकरावं वर्ष. त्याच्या देशातून इथे दोघंच यायची: वाटाघाटींना बसणाऱ्या बाई आणि त्यांची बातमी देणारा हा. दहा दिवसांत तो आपल्या भाषेत कुणाशी बोलला असेल तर बाईंशीच. तेही जिन्यात, "जेवलात का?" एवढंच.

आणि फोनवर, कचेरीत डेस्कवर बसणाऱ्या जुन्या मित्राशी.

"या वेळी पहिलं पान. संपादकांना पटवताना घसा बसला माझा. पण तुझ्या घड्याळात दुपारी साडेतीनला पान छपाईला सोडणार."

"नाही जमलं तर?"

"एजन्सीची आयती बातमी घेऊ. मग पुढच्या वर्षीचं तिकीट विसर. अकरा वर्षं सातव्या पानावर, कोड्याशेजारी! लोक कोडं सोडवतात रे, तुला कोण वाचतं?"

"कोडं निदान सुटतं तरी."

तीन वाजून वीस. हातोडा पडला.

टाळ्या, मिठ्या, शिट्ट्या. पत्रकारांची गॅलरी क्षणात रिकामी झाली; सगळे कॅमेऱ्यांकडे पळाले. त्याने 'करार झाला' पाठवून दिलं. मिठी मारायला कुणी नव्हतं, म्हणून तो बसल्या जागी सभागृह बघत राहिला.

शेवटून तिसऱ्या रांगेत देशाच्या नावाची एक पाटी उभी होती. पाटी उभी धरली म्हणजे बोलायचंय. बाईंनी ती धरून ठेवली होती. अध्यक्ष कुणाच्या तरी गळ्यात पडले होते.

बाईंनी माइक दाबला.

"अध्यक्ष महोदय, माझी पाटी हातोड्याच्या आधीपासून उभी आहे. शेवटच्या मसुद्यातून कोळसा बंद करायची तारीखच गाळलीय. आमची संमती नाही."

"नोंद घेतली," अध्यक्ष म्हणाले. टाळ्या चालूच.

तीन चोवीस. त्याने मित्राला फोन लावला.

"माझी बातमी थांबव."

"डोकं फिरलं का तुझं? पहिल्या पानावर लागलीय. तुझ्या नावानिशी!"

"बाईंनी हरकत घेतली. 'सर्व देश राजी' हे खोटं आहे."

"एजन्सीकडे तसं काही नाही. कुणाकडेच नाही."

"कुणी थांबलंच नाही इथे."



"साडेतीनपर्यंत नवी दे. नाहीतर एजन्सीची लावतो. शेवटचं विचारतो, राहू दे ना आहे तीच?"

"माझ्या नावाखाली नको."

या बातमीचा मसुदा त्याच्याकडे नव्हता. करार झाला होता आणि नव्हताही. पहिलं वाक्य चार वेळा खोडलं.

बाईंची पाटी

एका देशाने

टाळ्यांच्या गजरात एक

'सर्व देश राजी' असे

पाचवं राहिलं. पाठवली तेव्हा तीन तेहेतीस झाले होते.

मित्राचा मेसेज आला: पान गेलं. एजन्सीची लावली. तुझी परवाच्या अंकात, सातवर.

मग आणखी एक: तिकिटाचं मी बोललो होतो ते गंमत नव्हती.

तो खाली उतरला. कामगार टेबलांवरच्या पाट्या गोळा करून खोक्यात टाकत होते. बाई तशाच बसून होत्या, पाटी अजून उभी. तो शेजारच्या खुर्चीत बसला.

"आलं का?" बाईंनी विचारलं.

"येईल. सातव्या पानावर."

"कोड्याशेजारी. माहितीय. कोडं सोडवून झालं की तुमचं वाचते मी."

अकरा वर्षांत हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

कामगाराने हात पुढे केला. बाईंनी पाटी आडवी करून दिली आणि पर्स उचलली.

"चला. पुढच्या वर्षी जिन्यात भेटूच."

तिकिटाचा मेसेज उघडा असलेला फोन त्याने खिशात टाकला.

"जेवलात का?" त्याने विचारलं.