थोडक्यात नको

“आधी त्यांचे हात सोडा,” ताई म्हणाल्या.

ही बाई कुणाला सांगते आहे, ते क्षणभर कोर्टात कुणालाच कळलं नाही. आरोपीशेजारी उभ्या असलेल्या फौजदाराने कपाळाला आठ्या घातल्या.

“हे बघा, तुम्हाला फक्त भाषा समजावायला बोलावलंय. त्याला विचारा, गुन्हा कबूल आहे का. बास.”

“विचारते ना. पण उत्तर कशाने देतील ते? ऐकू येत नाही, बोलता येत नाही. हातांनी बोलतात आणि हातांत बेड्या. तोंड बांधून आणलंय तुम्ही त्यांचं, साहेब.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीशबाईंनी कागदांतून मान वर केली. सकाळपासूनचं हे तेविसावं प्रकरण होतं आणि डोळ्यांवर तो थकवा दिसत होता. पण आता त्यांनी चष्मा नीट केला आणि आरोपीकडे पाहिलं. चाळिशीचा किडकिडीत माणूस, लाकडाला पॉलिश करून नखं कायमची तपकिरी झालेली.

“बेड्या काढा,” त्या म्हणाल्या.

मनगटं मोकळी होताच पॉलिशवाल्याचे हात असे धावू लागले, की ताईंना दोन्ही तळवे पुढे करून त्याला थांबवावं लागलं. हळू. हळू. चार दिवसांचं बोलणं त्याला एका दमात बोलायचं होतं.

ताई काही कोर्टातल्या बाई नव्हत्या. मूकबधिर मुलांच्या शाळेत त्या मदतनीस होत्या. मुलांचे हातपाय धुवायचे, नाकं पुसायची, कुणाचं कानाचं यंत्र हरवलं की बाकांखाली शोधायचं. त्या दिवशी सकाळी त्या वर्ग झाडत असताना पॉलिशवाल्याची बायको फाटकाशी येऊन उभी राहिली. तीही ऐकू न येणारी, याच शाळेत शिकलेली. नवरा एका घरी कपाटाला पॉलिश करत होता, त्या घरातली सोन्याची साखळी हरवली आणि पोलीस त्याला घेऊन गेले. ही रोज ठाण्यावर जायची. तिथे तिला बसवायचे, पाणी द्यायचे आणि घरी पाठवायचे. शेवटी शेजाऱ्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, की आज त्याला कोर्टात आणणार आहेत. हेडबाई म्हणाल्या, “जा तुम्ही, मुलांना मी बघते.” आणि ताई केरसुणी भिंतीला टेकवून तशाच निघाल्या.

हातांची भाषा त्यांना शाळेने शिकवली नव्हती. त्यांचे आई आणि वडील, दोघांनाही ऐकू येत नव्हतं. ऐकू येणारी ही एकटीच. पाचव्या वर्षापासून त्या घराचं तोंड झाल्या होत्या. दूधवाला, दवाखाना, घरमालक, सगळ्यांशी बोलायची ती ही फ्रॉकातली पोर.

नऊ वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना, ते कामाला होते त्या चपलांच्या कारखान्यात नेलं होतं. मॅनेजरने बोलावलं होतं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. मॅनेजर बराच वेळ बोलला. पोर एकेक शब्द हातांवर घ्यायला लागली तसा तो हसून म्हणाला, “एवढं सगळं कशाला सांगत बसतेस, बाळ? थोडक्यात सांग ना. सही करा म्हणावं.” त्याने तिला गोळीही दिली. शहाण्या मुलीसारखं तिने थोडक्यात सांगितलं आणि वडिलांनी सही केली. तो राजीनामा होता. आठ दिवसांनी फाटकावर त्यांना अडवलं, तेव्हा कळलं.

वडील तिला एका शब्दानेही रागावले नाहीत. पण पुढे जन्मभर, ती कुणाचंही बोलणं सांगायला लागली की ते आधी हवेत एक मोठं वर्तुळ काढायचे. सगळं. सगळं सांग. ते गेले त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

“कबुलीजबाब आहे, मॅडम,” फौजदार सांगत होता. “खाली अंगठा आहे त्याचा.”

ताई प्रत्येक वाक्य हातांवर घेत होत्या. अंगठ्याचं ऐकताच पॉलिशवाला चमकला. ताई त्याच्या हातांकडे बघत बोलू लागल्या.

“ते म्हणतात, यांनी कागद पुढे केला. अंगठा शाईत बुडवायची खूण केली. मग दाराकडे बोट दाखवलं. मला वाटलं, अंगठा दिला की घरी सोडणार. मी दिला. कागदात काय आहे, ते कुणीच सांगितलं नाही.”

न्यायाधीशबाई म्हणाल्या, “त्यांना सांगा, स्वतःच्या विरुद्ध बोलायची त्यांच्यावर सक्ती नाही. गप्प राहण्याचा त्यांना हक्क आहे.”

ताईंनी सांगितलं. पॉलिशवाला टक लावून बघत राहिला, मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

“काय म्हणतात?”

“म्हणतात, मी जन्मापासून गप्पच आहे. हा हक्क देवानेच दिलाय, दुसरा कुठला असेल तर द्या.”

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशबाईही हसल्या.

“आहे ना. वकिलाचा आहे, आरोप काय तो समजून घेण्याचा आहे. आणि बोलण्याचाही आहे.”

इथे ताईंचे हात थांबले. हक्क. त्यांच्या घरातल्या भाषेत याला खूणच नव्हती. ‘परवानगी’ होती, पण ती दुसऱ्याने द्यायची असते. त्यांनी थोडा विचार केला. मग छातीवर तळवा ठेवला: माझं. पसरलेला हात मागे घेतला: मागावं लागत नाही. मूठ आवळून छातीशी धरली: कुणाला काढून घेता येत नाही.

पॉलिशवाल्याने त्या तीन खुणा करून पाहिल्या. मग विचारलं, “सगळ्यांचं?”

“सगळ्यांचं.”

त्याने तिरका डोळा केला. “फौजदाराचंपण?”

“त्यांचंपण.”

“चोराचं?”

ताई क्षणभर घुटमळल्या. “चोराचंसुद्धा.”

“पण मी चोर नाही.”

“ते ठरायचंय. त्याच्या आधीपासूनच हे तुमचं आहे.”

“अहो बाई, काय गप्पा मारताय?” फौजदार वैतागला. “थोडक्यात उरका की! अशाने संध्याकाळ होईल.”

“थोडक्यात नको,” ताई म्हणाल्या. आपला आवाज चढलाय हे त्यांना स्वतःलाच जाणवलं. “कोर्टात जे बोललं जाईल, ते सगळं मी त्यांना सांगणार. तुमचं हे वाक्यसुद्धा.” आणि त्यांनी तेही सांगितलं.

“चालू द्या त्यांचं,” न्यायाधीशबाई म्हणाल्या. “फौजदार, अटक कधी केली?”

“काल, मॅडम. काल दुपारी.”

ताईंनी हातांनी सांगितलं: काल, दुपारी. आणि मागच्या बाकावरून पॉलिशवाल्याची बायको ताडकन उठली. इतका वेळ ती ताईंच्या हातांवर नजर लावून बसली होती. तिने हात उंच केला. अंगठा मिटलेला, चार बोटं ताठ. घशातून एक खरखरीत आवाज निघाला. शिपाई तिला खाली बसवायला धावला, पण ती बसेना.

“ह्या कोण?”

“यांची बायको. चार दिवस झाले म्हणतात. रोज ठाण्यावर जात होत्या.”

“अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत कोर्टापुढे आणायचं असतं, ठाऊक आहे ना?” न्यायाधीशबाईंनी विचारलं. फौजदाराने कपाळ पुसलं. “ठाण्याची डायरी आणा. आत्ता. ती येईपर्यंत हे प्रकरण पुढे जाणार नाही.”

डायरी यायला दीड तास लागला. त्यात अटकेची तारीख सोमवारची होती आणि आज शुक्रवार होता.

साखळीचा तपास चालू राहील, पण तो कागद कबुलीजबाब म्हणून धरला जाणार नाही. चार दिवस बेकायदा कोठडीत ठेवल्याची चौकशी होईल. आरोपीला जातमुचलक्यावर सोडावं आणि सरकारी खर्चाने वकील द्यावा. न्यायाधीशबाई एकेक वाक्य संपवून थांबत होत्या, ताईंचे हात थांबले की पुढचं वाक्य सांगत होत्या. ‘सोडावं’ला पॉलिशवाल्याने दोनदा खूण करायला लावली. बायको मागे तोंडावर पदर धरून रडत होती.

सुटकेचे कागद करायला ते कारकुनाच्या टेबलाशी गेले. मागे दहा-बारा माणसांची रांग होती. कारकुनाने न बघता दोन पानं पुढे सरकवली आणि फुली मारलेल्या जागेवर बोट ठेवलं.

“इथे सही. ह्याच्यावर पण.”

पॉलिशवाल्याने पेन घेतलं नाही. पानांकडे पाहिलं आणि मग ताईंकडे.

“आधी काय लिहिलंय ते सांगा, म्हणतात,” ताई म्हणाल्या.

“अहो, नेहमीचंच असतं ते. तारखेला हजर राहायचं, बस्स.” कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. पॉलिशवाला शांतपणे उभा होता.

“होऊ द्या हो त्यांचं,” रांगेतला एक म्हातारा म्हणाला. “आम्ही कुठे पळून चाललोय?”

कारकुनाने पेनाला टोपण लावलं. मग तो उठला, स्वतःची खुर्ची टेबलाला वळसा घालून ओढत आणली आणि पॉलिशवाल्यासमोर ठेवली.

“बसा,” तो म्हणाला आणि हातानेही तशी खूण केली.

पॉलिशवाला बसला. ताईंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.