गुरुवारचं पोहणं

वाचनालयाच्या वरच्या मजल्याचा जिना चढताना मास्तरिणीने पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. तरी तिने हातात एक पुस्तक धरून ठेवलं होतं, कुणी हटकलंच तर दाखवायला.

मास्तरीण शाळेतली नव्हे, गाडी शिकवणारी. शिकाऊ माणसाशेजारी ती बसे, तिच्या पायाशी एक जादा ब्रेक असे आणि त्या ब्रेकवर तिचं घर चालत होतं. पण महिन्यापूर्वी पुलाच्या ऐन मध्यावर तिचे हात एकाएकी बधिर झाले, श्वास घशातच अडकला आणि पायाला ब्रेक सापडेना. शिकणाऱ्या बाईंनी आपली आपण गाडी पलीकडे नेली आणि वर खूश होऊन म्हणाल्या, "आज तुम्ही मला अजिबात टोकलं नाहीत." त्यानंतर पूल आला की तेच. हृदयाचे रिपोर्ट स्वच्छ आले. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांच्या कानावर जाऊन चालणार नव्हतं. आधीच्या मास्तरांनी एकदा चक्कर येते म्हटलं, तर त्याच संध्याकाळी त्यांना नारळ मिळाला होता.

छातीवरच्या वायरी काढता काढता नर्स हळूच म्हणाली होती, "गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वर काही माणसं बसतात. असं काहीबाही झालेलीच सगळी. डॉक्टर नसतो, फी नसते."

फी नसते म्हटल्याबरोबर मास्तरिणीच्या मनात पाल चुकचुकली. फुकट बसवून घेतात म्हणजे शेवटी काहीतरी गळ्यात मारणार. विमा, नाहीतर वजन उतरवायची पावडर.

वर गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, एक किटली होती आणि भिंतीवर कागद होता: 'इथलं इथेच.' इतकं लिहून दाखवावं लागतं म्हणजे कधीतरी बाहेर गेलं असणार, असं तिने ताडलं. मग छताकडे पाहिलं. तिथे एक पांढरं गोल काहीतरी चिकटवलेलं होतं.

"धुराचा अलार्म आहे, कॅमेरा नाही," समोरचा माणूस म्हणाला. "मी वायरमन, मीच बसवलाय. पहिल्यांदा आलेलं माणूस तिकडेच बघतं. मी दोन वर्षं घराबाहेर पडलो नव्हतो. आता पडतो, म्हणून इथं खुर्च्या मांडतो. सल्ला मागितलात तर आमचं काय झालं ते सांगू. नाही मागितलात तर चहा घ्या."

ती बसली, मान वर केली आणि हातातलं पुस्तक पटकन तोंडासमोर धरलं. समोरच्या खुर्चीवर रेडिओकाकू होत्या.

काकू तिच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहत. नाव मागे पडलेलं, पण तोंड सतत पुढे. त्यांना सकाळी कळलेली गोष्ट दुपारी इस्त्रीवाल्याला पाठ असे. बातमी इमारतीत पोचली की सासूबाईंना कळणार, आणि मालकांचा मेहुणा तर त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होता.

"मी माझ्या बहिणीसाठी आलेय," मास्तरीण घाईघाईने म्हणाली. "तिला गर्दीचा त्रास होतो."

"अगं बाई," रेडिओकाकू म्हणाल्या. "थोरली की धाकटी?"

"धाकटी."

काकूंनी मान डोलावली. त्या डोलावण्यात काय काय होतं ते मास्तरीण रात्रभर मोजत बसली.

पुढचे दिवस तिने इमारतीवर पहारा ठेवला. इस्त्रीवाला हसला, तर का हसला? भाजीवालीने आज सुट्टे पैसे न कुरकुरता दिले, ते कीव आली म्हणून तर नाही? जिन्यात काकूंचं प्रसारण जोरात चालू होतं. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा नापास झाला, डॉक्टरीणबाई माहेरी गेल्या त्या बॅगा भरून गेल्या. मास्तरिणीबद्दल चकार शब्द नाही. तिला ते जास्तच खुपलं. एवढं दाबून धरलंय म्हणजे मोठं काहीतरी शिजतंय.

शेवटी तिने काकूंना जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून एक थाप मारली. "कुणाला सांगू नका हं काकू, मालक जुनी गाडी विकायला काढतायत."

संध्याकाळी इस्त्रीवाल्याने कपडे देताना विचारलं, "केवढ्याला देतील? माझ्या मेहुण्याला हवीय."

म्हणजे रेडिओ बिघडलेला नव्हता. मग वाचनालयातलंच का बाहेर येत नाही? त्याचा छडा लावायला ती पुढच्या गुरुवारी परत गेली. निदान तिने स्वतःला कारण तेच दिलं.

त्या दिवशी काकू फार थोडं बोलल्या. "दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. घरी गुडघा सांगितला." कुणी काही सुचवलं नाही. वायरमनने कप पुढे केला, एका तरुण शिंप्याने "माझं परवा तसंच झालं," म्हटलं, एवढंच. मास्तरिणीला आठवलं, त्या गुडघ्यासाठी सासूबाईंनी तिच्याच हाती तेल पाठवलं होतं. बोलबोल बोलणारी ही बाई स्वतःचं एक अक्षर जिन्यात सांडत नव्हती. पण हे आपल्याला बोलतं करायला टाकलेलं आमिष नसेल कशावरून? तिने नुसता चहा संपवला.

दोघी वेगवेगळ्या निघाल्या, पण इमारतीच्या दारात एकदमच पोचल्या. दारात सासूबाई उभ्या.

"कुठे होतीस?"

"जादा शिकवणी होती."

"मालकांचा फोन आला होता. गाडीची किल्ली कुठे ठेवलीयस म्हणून विचारत होते. शिकवणी पायी घेत होतीस?"

मास्तरिणीने काकूंकडे पाहिलं. आता सगळं काकूंच्या तोंडात होतं.

"पोहायला नेते मी तिला," रेडिओकाकू म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यासाठी सांगितलंय ना. एकटीला लाज वाटते."

"पोहायला. आणि केस कोरडे?"

"आज टाकी धुवत होते, नुसत्याच बसून आलो. पुढच्या गुरुवारी हवं तर हात लावून बघा."

"बघेन," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या बघणार यात शंका नव्हती.

वर जाताना मास्तरिणीने काकूंना जिन्यातच अडवलं. "तुम्हाला काय हवंय माझ्याकडून?"

"काही नाही गं. आणि ती बहीण आता बरी कर. तुला दोन भाऊच आहेत, हे मला तुझ्या लग्नातच कळलंय."

"मग तिथं बोलला का नाहीत?"

"मी तिथं बोलायला जाते, बातम्या द्यायला नाही."

पुढच्या गुरुवारी उठायची वेळ झाली तरी मास्तरिणीने तोंड उघडलं नव्हतं. वायरमन खुर्च्या एकात एक रचू लागला. काकूंनी तिला बोळातल्या बेसिनकडे नेलं.

"वाक."

"मी भिजवते माझं माझं."

"मागचे केस एकटीला जमत नाहीत. आणि सासूबाई मागूनच चाचपतील."

ती वाकली. मानेवर काकूंचा जाडसर हात टेकला, मग गार पाणी आलं. नळाखाली डोकं घातल्यावर कुणावर नजर ठेवता येत नाही. समोर फक्त बेसिनचं भोक होतं, आणि पाण्याचा आवाज एवढा, की बोललेलं आपल्यालाच नीट ऐकू येऊ नये.

"काकू."

"हं."

"पुलावर माझे हात बधिर होतात. गाडीत. मालकांना कळलं तर मला काढतील."

पाणी थांबलं नाही. काकूंचे हातही नाहीत.

"आधी कुठला जातो?"

"काय?"

"हात. आधी डावा की उजवा?"

हे तिला डॉक्टरांनीसुद्धा विचारलं नव्हतं. "डावा. करंगळीपासून."

"माझा जबडा जातो आधी. मग बाकीचं." काकूंनी तिच्या कानावरून केस मागे घेतले. "रविवारी पूल चालत जाऊ. गाडी नको, नुसत्या आपण दोघी. जमेल तिथपर्यंत जाऊ आणि परत फिरू."

मास्तरिणीने थोडा विचार केला. "चालताना गप्प राहाल?"

"ते नाही जमायचं. पण बोलेन ते दुसऱ्यांचं."

मास्तरिणीने मान वर काढली नाही. "कानामागे कोरडंच राहिलंय," ती म्हणाली.