हात सुटेपर्यंत

किती दुखतंय, असं येपेनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही टोवेनं "दोन" असंच सांगितलं.

"दहापैकी दोन?"

"अडीच लिही हवं तर, पोरा," ती छताकडे बघत म्हणाली.

तिचे ओठ पांढरे पडले होते. चादरीखाली डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलं होतं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. खाटेजवळच्या खुर्चीवर तिची मुलगी सिसेल आपल्या आठ महिन्यांच्या आस्टाला छातीशी धरून बसली होती.

"आठ लिहा," ती डॉक्टरला म्हणाली.

आकडा पेशंटच्याच तोंडून यावा लागतो, असं येपेनं सांगितलं. तो कोपनहेगनहून आलेला, तिशीतला, दाढीत स्वेटरची लोकर अडकलेला भूलतज्ज्ञ होता. या किनाऱ्यावर आल्यापासून कुणी तीनच्या वर गेलेलंच नाही, म्हणाला. मागच्या आठवड्यात एक कोळी आला, मांडीचं हाड कातडीबाहेर, आणि तो म्हणतोय की याहून वाईट दिवस पाहिलेत. आपला अभ्यास कुणी वाचला, तर पश्चिम यूटलंडच्या लोकांची हाडं न दुखता मोडतात असंच वाटेल त्याला. टोवेला हसू आलं, पण हसण्यानं पाय हलला आणि ते अर्ध्यावरच राहिलं.

सकाळी तिनं आस्टाला बाबागाडीत घालून इकडच्या रीतीप्रमाणे घराबाहेर भिंतीच्या आडोशाला झोपवलं होतं. परत आत येताना ओल्या फरशीवर पाय मुडपला. शेजारणीला ती दिसली तेव्हा ती गाडीचं चाक धरून पडली होती आणि बाळ गाढ झोपेत होतं. सिसेल बाळंतपणाची रजा संपवून नगरपालिकेच्या कामावर नुकतीच परतली होती. गटारांच्या नकाशावरून उठून ती थेट इथे आली होती. तेव्हापासून तिला काही वाटत नव्हतं. सगळं दिसत मात्र होतं. सलाइनच्या नळीतला एक बुडबुडा. येपेच्या बुटाची सुटलेली नाडी. एक्स-रेमध्ये खुब्याचं हाड, पेन्सिल मोडावी तसं.

येपेच्या अभ्यासाचं सूत्र साधं होतं. खुब्याचं हाड मोडलेल्यांना एरवी मॉर्फिन देऊन शस्त्रक्रियेपर्यंत थांबवतात. त्याऐवजी आल्या आल्या जांघेत इंजेक्शन देऊन तिथली नस बधिर केली, तर म्हातारी माणसं कमी भ्रमिष्ट होतात का, लवकर उठून चालतात का, हे त्याला बघायचं होतं. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नेहमीचं. कुणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार.

"म्हणजे सोडत," टोवे म्हणाली.

"सोडतच."

"सोडतीत मला एकदाच बदक लागलं होतं. तेही गोठलेलं."

सिसेलनं कागद शब्दन् शब्द वाचला. बाळाच्या खाण्याच्या डबीवरचंही ती असंच वाचायची. रक्त पातळ करणारी औषधं? नाहीत. स्नायूंचा किंवा नसांचा काही आजार? टोवेनं नाही म्हटलं, आणि येपेनं सिसेलकडे पाहिलं तेव्हा तिनंही मान हलवली. मग टोवेनं पेन मुठीत गच्च धरून सही केली. येपेनं आभार मानले आणि हात पुढे केला. तिनं तो धरला.

तो सुटला नाही.

सिसेलला त्यात नवल वाटलं नाही. टोवे आणि तिचा नवरा मिळून उभी हयात गावातल्या मयतांची व्यवस्था बघत आले होते. शवपेटी, फुलं, चर्चची वेळ, नंतरची कॉफी, हे सगळं तो पाहायचा. दारात उभं राहून माणसांचे हात हातात घ्यायचं काम टोवेचं. इथली माणसं हात मिळवतात ते तापल्या भांड्याला लागावा तसा, आणि लगेच खिशात घालतात. टोवेचा हात मात्र थांबायचा. रडू न शकलेली माणसं त्या हातात रडली होती. शेजारच्या गावात स्वस्तातली सोय असूनही लोक हिच्याकडे यायचे, आणि का, ते कुणी विचारलं तर म्हणायचे, टोवे लवकर सोडत नाही. शाळेच्या फाटकापाशी आईनं असंच धरून ठेवलं की सिसेलला लाज वाटायची. पुढे वडील गेले, तेव्हा त्यांच्याच अंत्यविधीला लोक रांगेनं टोवेपाशी आले, तिचं सांत्वन करायला नव्हे, आपलं करून घ्यायला. त्या दिवशी सिसेलला पहिल्यांदा आईचा अभिमान वाटला होता.

आताही टोवे नेहमीसारखी बोलायला लागली. वारा पडलाय, दुपारी मासेमारीच्या बोटी निघतील, तुला इकडचं हवामान मानवलं का. येपे हो-हो करत होता. मग त्याचं हो थांबलं. तो तिच्या चेहऱ्याकडे न बघता मनगटाकडे बघत होता. तिची बोटं एकेक करून उघडली, आधी करंगळी, शेवटी अंगठा, थंडीत गोठलेली दोरी सोडवावी तशी.

"पुन्हा एकदा धराल?" त्यानं विचारलं. "घट्ट. आणि मी म्हणालो की एकदम सोडायचं."

त्यानं म्हटलं. तिनं सोडलं नाही.

खिशातून छोटी रबरी हातोडी काढून त्यानं टोवेच्या अंगठ्याच्या बुडाशी हलकेच टिचकी मारल्यासारखं केलं. अंगठा तळव्याकडे ओढला गेला आणि तिथेच राहिला. मग सावकाश, फार सावकाश, जागेवर परतला. तिघंही त्या अंगठ्याकडे बघत होती. बाळसुद्धा.

त्यानंतर येपेचे प्रश्न बदलले. डोळ्यांचं काही? मोतीबिंदू काढलेत, टोवे म्हणाली, दोन्ही, चाळिशीतच. डॉक्टर म्हणाला होता फार लवकर झाले. याआधी पडलात? कोण पडत नाही. घरात आणखी कुणाचे हात असे? टोवेनं चादरीची घडी सरळ केली आणि आपल्याला पाणी मिळेल का, असं विचारलं.

तो बाहेर जाऊन फोनवर वरिष्ठांशी बोलला आणि परत आला तेव्हा त्यानं सही केलेला कागद आडवा फाडला. "तुम्ही आता माझ्या अभ्यासात नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात थोडं वाईट वाटणं होतं आणि थोडी सुटकाही. ज्यांना स्नायूंचा आजार असेल त्यांना त्यात घेता येत नव्हतं. पण इंजेक्शन तर तिला मिळणारच होतं, सोडतीशिवाय. अशा आजारात मॉर्फिननं श्वास मंदावतो, पूर्ण भुलीतल्या काही औषधांनी तर अंग लाकडासारखं कडक होऊ शकतं. आता शस्त्रक्रियाही कमरेखालचा भाग बधिर करूनच होणार, आणि आधी हृदयाचा आलेख काढणार. "बरं झालं आपण हात मिळवला," तो म्हणाला.

"मी सगळ्यांशीच मिळवते," टोवे म्हणाली.

जांघेवर थंड जेली, सोनोग्राफीच्या पडद्यावर करड्या लाटा, त्यात शिरणारी सुई. सिसेल बघत राहिली. थोड्या वेळानं टोवेच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करत गेल्या. तिनं आपल्याच मांडीवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "शेजारणीची वाटते," म्हणाली.

बाहेरच्या मार्गिकेत कॉफीचं यंत्र घुंई करत होतं. येपे नाडी बांधायला वाकला होता, तेव्हा सिसेलनं त्याला गाठलं.

"हे पुढे येतं का?"

तो उभा राहिला. हे नीट समजावून सांगणारी माणसं वेगळी असतात, तारीख देतो, असं काहीसं म्हणाला. ती हलली नाही, तेव्हा त्यानं सांगितलं. मायोटोनिक डिस्ट्रॉफी असावी, यात आवळलेले स्नायू लवकर सैल होत नाहीत. रक्त तपासल्याशिवाय खात्री नाही. असलीच, तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. आणि पुढच्या पिढीत बहुधा जरा लवकर दिसते, जरा जास्त. तिच्या पुढच्या पिढीत त्याहून लवकर. हे शेवटचं वाक्य त्यानं आस्टाच्या टोपीकडे बघत म्हटलं.

"हिचे हात तर छान सुटतात," सिसेल म्हणाली.

"या वयात त्यावरून काहीच कळत नाही. कुणाचं दहाव्या वर्षी दिसतं, कुणाचं तिसाव्या. ठणठणीत बाळाची तपासणी कुणी करत नाही. आधी आईची करतात." तो थांबला. "तुमचे हात..."

सिसेलनं बाळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्यात दोन्ही हात गुंतले.

"थंडीत कुणाचेही आखडतात," ती म्हणाली.

"हो," येपे म्हणाला. "थंडीत आखडतात."

नवऱ्याला फोन करायचा राहिला होता. ट्रॉल्स समुद्रातल्या पवनचक्क्यांवर होता, शुक्रवारी येणार होता. तिनं फोन काढला, त्याचं नाव काढलं, आणि परत ठेवून दिला. काय सांगणार? आईचं हाड मोडलं, एवढं सांगून थांबता आलं असतं. पण तो विचारणार, आणखी काय, आणि तिला थांबता आलं नसतं. त्यातही काही वाटलं नाही. दात काढल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं फक्त.

आत टोवे उशीला टेकून बसवलेली होती. गालांवर रंग आला होता. नर्सनं तिला लिंबाचं सरबत आणि आस्टासाठी दह्याची वाटी, चमचा ठेवला होता.

"काय म्हणाला पोरगा?"

"रक्त तपासू म्हणाला."

"माझं?"

"तुझं. आणि मग माझं."

टोवेनं मान हलवली. खिडकीबाहेर गाड्या लावायच्या जागेत कुणीतरी काचा पुसत होतं. 

"बाबांचे हात असेच होते," ती म्हणाली. "माझ्या बाबांचे. जाळं ओढून झालं की बोटं उघडायची नाहीत. आई त्यांच्या हातांवर कोमट पाणी ओतायची. आमच्यात याला आजार नाही म्हणत, सिसेल. हात म्हणत."

"आणि तू? दारात उभी राहायचीस ते?"

"सुटेपर्यंत काहीतरी बोलायला लागतंच ना माणसाला."

सिसेलनं आस्टाची टोपी सारखी केली.

"तुझे दहावीच्या वर्षी दिसले," टोवे त्याच सुरात म्हणाली, जणू कुणाच्या चष्म्याविषयी बोलत होती. "सायकल फाटकाशी थांबवायचीस आणि ब्रेक धरून तशीच उभी. मैत्रिणी पुढे निघून जायच्या. मी स्वयंपाकघरातून बघायचे. तुला वाटायचं, मी सहज बाहेर बघतेय."

"तू काही बोलली नाहीस."

"काय बोलणार होते? नीट शिकत होतीस."

आस्टा हातपाय झाडायला लागली. टोवेनं तिला आपल्याकडे मागितलं, तेव्हा सिसेलनं तिला खाटेच्या कडेला, टोवेच्या शाबूत मांडीपाशी बसवलं आणि पाठीमागे हात धरला. टोवेच्या चेहऱ्यावर हसू कधीच पुरतं उमटायचं नाही. लोकांना तो तिचा धीरगंभीरपणा वाटायचा. आता ते डोळ्यांपुरतं उमटलं.

"हिचं बरंय," ती म्हणाली. "तू कामाला गेलीस की रोज सकाळी बघते मी. हातात काहीतरी द्यायचं, घट्ट धरू द्यायचं, आणि दुसरं काही पुढे करायचं. पटकन टाकते. एकदाही अडकली नाही. म्हणून तर तुला सांगितलं नाही. आहेच चांगली, तर कशाला?"

सिसेलचा बाळाच्या पाठीवरचा हात तसाच राहिला.

"तू त्या डॉक्टर पोराला सांग हे," टोवे म्हणाली. "म्हणजे पोरीला उगाच सुया टोचायला नकोत. सांगशील ना?"

या वयात त्यावरून काहीच कळत नाही. हे वाक्य सिसेलच्या तोंडाशी तयार होतं, येपेच्याच शब्दांत. आई रोज सकाळी कशी बघत असेल, हे तिला दिसलं. दार लावून, चष्मा लावून, बाळासमोर वाकून.

"सांगते," ती म्हणाली.

"बघ." टोवेनं दह्याच्या वाटीतला चमचा आस्टाच्या मुठीत दिला. मुठीत तो मावेना, तरी तिनं तो आवळला, हलवला, चादरीवर दही उडवलं. मग टोवेनं सरबताच्या ग्लासातली नळी पुढे केली. चमचा तत्क्षणी सुटला आणि खणकन जमिनीवर पडला.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

सिसेल एका हातानं बाळाला सावरत खाली वाकली. चमचा खाटेच्या चाकापाशी गेला होता. तिनं तो घट्ट धरून उचलला, आपल्या स्कर्टला पुसला आणि वर येऊन आस्टापुढे धरला. आस्टानं नळी टाकली, चमच्याचं टोक पकडलं आणि ओढलं.

तो आला नाही. तिनं पुन्हा ओढलं. सिसेल आपल्या बोटांकडे बघत होती. आस्टाला हा खेळ वाटला असावा. ती खिदळली आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली.

टोवे खिडकीबाहेर बघायला लागली. "वारा पडलाय," ती म्हणाली. "दुपारी बोटी निघतील."

"हो," सिसेल म्हणाली. "निघतील."