झाडातले डोळे

टँकर एक दिवसाआड यायचा, आणि तो आला की अर्धं गाव सरजाबाईच्या परसात वळायचं. बायका घागर घरी नेण्याआधी तिच्यातलं तांब्याभर पाणी झाडाच्या बुंध्यावर ओतायच्या आणि कपाळ टेकायच्या. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या झाल्या, मुरुडकडच्या ह्या गावातल्या विहिरी मात्र जुन्याच कोरड्या राहिल्या. माणसं थेंब मोजून पीत होती आणि झाडाला पोटभर मिळत होतं, कारण ते झाड रडत होतं.

झाडही जगावेगळं होतं. एका फांदीला मोसंबी, दुसरीला संत्री, तिसरीला कागदी लिंबं. बुंध्यावरून मधासारखे पिवळे थेंब ओघळायचे.

"तीन फळं म्हंजे काय?" मलप्पा महाराज मोरपिसाचा कुंचा फिरवत विचारायचे. "भूत, भविष्य, वर्तमान. उद्धव मेला न्हाई, मुरला हाय. त्याचे डोळे ह्या झाडात हायेत. त्यातून पाणी गळून राहिलंय. त्याची तहान भागवा, पाऊस आपसूक येतो का न्हाई बघा."

हे महाराज आदल्या सालापर्यंत उदगीरच्या बाजारात सुरमा विकायचे. धंदा डोळ्यांचाच ठेवला होता, माल तेवढा बदलला.

उद्धव हा सरजाबाईचा एकुलता लेक. श्रावणात विहिरीतला गाळ काढताना दरड त्याच्या अंगावर आली. त्याआधी तो सरकारी रोपवाटिकेत कामाला होता. कलमं बांधायला तिथंच शिकला आणि परसातल्या ह्या एका झाडावर त्यानं तीन जातीची कलमं केली. नहाणीच्या पाण्यावर झाड वाढवलं. तेराव्याला बायका भोवती बसल्या असताना सरजाबाई बुंध्यावरून हात फिरवत म्हणाली होती, "ह्या झाडात माझ्या लेकाचे डोळे हायेत."

तिला म्हणायचं होतं ते कलमाचं. पानाच्या देठाजवळ जो बारीक कोंब असतो, त्याला कलम करणारे डोळा म्हणतात. तो अलगद काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवायचा, त्याला म्हणायचं डोळा भरणं. पण ऐकणाऱ्यांनी माणसाचे डोळे ऐकले. पंधरा दिवसांनी शेजारची पार्वतीबाई तेच वाक्य तिला नवलाची बातमी म्हणून सांगत आली.

तेव्हाच सरजाबाईनं सांगून टाकायला हवं होतं. ती गप्प बसली. मेलेल्याचं नाव गाव महिनाभर घेतं, मग आपापल्या कामाला लागतं. उद्धवचं नाव मात्र रोज शंभर तोंडी येत होतं, आणि ज्या घरात कुणाचं पाऊल वाजत नव्हतं तिथं चपलांचा ढीग पडत होता.

दसऱ्याला महाराजांच्या सांगण्यावरून बुंध्याभोवती मातीचा पार बांधला गेला आणि त्यावर तांब्ये रिकामे होऊ लागले. दीड-दोन महिन्यांत झाड रडायला लागलं. मग सरजाबाईचाही धीर सुटला. दुपारी कुणी नसताना ती पदरानं ते थेंब पुसायची आणि हळूच विचारायची, "काय दुखतंय रे माझ्या राजा?"

पौषात शाळेतल्या पंचशीला बाई आल्या. मूळच्या मुखेडच्या. शाळेच्या कुंपणाची लिंबं उद्धवनं त्यांच्याच मदतीनं लावली होती. त्यांनी शेंड्याची पिवळी पडलेली पानं पाहिली, बुंध्याजवळ वाकून वास घेतला आणि सरजाबाईपाशी बसल्या.

"मावशी, तो कलमं बांधायचा तेव्हा तुम्ही जवळ असायचात ना?"

"हाव. पट्ट्या मीच फाडून देत व्हते."

"पाणी कुठं घालायला सांगायचा?"

सरजाबाईनं पाराच्या ओल्या मातीकडे बघितलं. उद्धव बुंध्याला कलमाच्या जोडाखालपर्यंतच मातीची भर द्यायचा, आणि पाणी त्या भरीच्या बाहेर, हातभर लांबच्या चरात सोडायचा. आई, खोडाला पाणी लागू द्यायचं न्हाई, जोड मातीत गाडायचा न्हाई, असं बजावायचा. तसं केलं तर काय होतं, तेही त्यानं सांगितलं होतं. तो शब्द महिनाभर तिच्या तोंडाशी होता.

"डिंक्या," ती म्हणाली. "साल सडती, मंग डिंक गळतो."

"मीच सांगितलं असतं लोकांना," बाई म्हणाल्या. "पण मी बोलले तर आधी माझं आडनाव काढतील, मग झाडाचं बघतील."

टँकरच्या दिवशी सरजाबाई खुरपं घेऊन पारापाशी बसली आणि माती उकरू लागली. गर्दी थबकली.

"माय," महाराज कळवळून म्हणाले, "पोटच्या पोराच्या छातीवर खुरपं चालवतीस?"

"माझा पोरगा मसणवट्यात हाय. मी सवता बघितलंय."

मातीखालची साल काळी पडली होती. तिनं नखानं ओढली तशी ती लिबलिबीत होऊन हातात आली आणि आंबूस वास सुटला. तिनं ती साल पार्वतीबाईच्या हातावर ठेवली. मग मोसंबीची डहाळी तोडली, ब्लेडनं त्यावरचा एक डोळा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

"मी डोळे म्हणले ते हे. असे तीन जातीचे भरले, म्हणून तीन फळं."

भिंतीकडेला पत्र्याच्या डब्यांत उद्धवनं जंबेरीची रोपं केली होती. हे लिंबू आंबट आणि काटेरी, पण मुळाचं चिवट. एका रोपाच्या सालीला तिनं छेद दिला. गर्दीतून पुढं होऊन पंचशीला बाईंनी डबा घट्ट धरला. डोळा आत सरकला. तिनं पट्टी बांधली.

"वीस दिसांनी या. हिरवा ऱ्हायला तर धरला, काळा पडला तर मेला. ह्याच्यात मंतर न्हाई."

महाराज म्हणाले, म्हातारीत काहीतरी शिरलंय. सगळे त्या सालीकडे बघत होते.

"सरजे," पार्वतीबाईनं विचारलं, "तुला सारं ठाऊक व्हतं. मंग तवाच का गं न्हाई बोललीस?"

"तुमी त्याचं नाव घेत व्हता."

पार्वतीबाईनं खाली बसून खुरपं उचललं.

दोघींनी त्या दिवशी पार पूर्ण मोडला, सडकी साल खरवडली, मोरचूद आणि चुन्याचा लेप दिला. पण सड बुंध्याला वेढून गेली होती. शिमग्याच्या आधी झाड उभ्याउभी वाळलं. त्याचे नऊ डोळे सरजाबाईनं डब्यांतल्या रोपांत भरले होते, त्यातले दोन धरले. महाराज निलंग्याच्या बाजूला गेले म्हणतात. तिकडेही कुणीतरी रडतच असेल.

झाड वाळल्यावरही लांबून कुणी ना कुणी घागर घेऊन यायचं. सरजाबाई त्यांना दारातच बसवायची.

"हे पाणी घरी न्या, लेकरांना पाजा," ती सांगायची. "झाडाला काय झालंय ते साल काढून बघावं, जाणत्याला इचारावं. माणूस गेला तर पोटभर रडावं, पण तो कुठं आलाय म्हणून कुणी सांगितलं तर त्याला म्हणावं, दाखव. मला ठाऊक असून मी गप बसले, आन् लेकाच्या हातचं झाड मारलं. तुमी गप बसू नका."