लाकडाची भाकर

मंगळवारी जनकाबाईनं टोपल्यातली भाकर उचलली, ताटात ठेवली आणि शेजारी पळीभर पिठलं वाढून घेतलं.

ओसरीच्या दाराआड उभ्या असलेल्या पंजाबरावांनी श्वास रोखून धरला. टोपल्यात तीन भाकरी होत्या. दोन खऱ्या, सकाळी जनकाबाईनंच थापलेल्या. तिसरी पांगाऱ्याच्या लाकडाची. तिच्यावर पंजाबरावांचे चार महिने गेले होते. वरचा पापुद्रा सुटल्यासारखा दिसावा म्हणून त्यांनी तो कागदाइतका पातळ कोरला होता, तव्याचे डाग काजळीनं दिले होते आणि ज्वारीचा तो मळकट पांढरा रंग साधायला निदान वीस वेळा रंग खरवडून पुन्हा लावला होता. जनकाबाईनं नेमकी तीच उचलली होती.

"फसली!" मांडीवर थाप मारत ते घरात शिरले. "फसली व, आज फसली तू!"

जनकाबाईनं वर पाहिलं. ती हसली. आता ही भाकर फेकून मारते की काय, म्हणून पंजाबराव हसतच एक पाऊल मागे सरले. पण तिनं दोन्ही हातांनी भाकर तोंडाशी नेली आणि करकचून चावा घेतला.

काहीतरी तुटल्याचा आवाज झाला.

"अवं, लाकडाची हाये ते! टाक, टाक!"

तिनं टाकली नाही. जरा थांबून तिनं पुन्हा त्याच जागी दात रोवले. हनुवटीवरून रक्ताचा ओघळ पिठल्यात पडला. पंजाबरावांनी भाकर धरून ओढली, तशी तिनं ती छातीशी घट्ट धरली.

"जेवू द्या न," ती रडवेली होऊन म्हणाली. "भूक लागली मले."

डोणगावात पंजाबराव इंगळे यांना सुतार म्हणून सगळेच ओळखत. अर्ध्या गावाची दारं-खिडक्या त्यांच्या हातच्या. पण कामातून उरलेल्या लाकडाचं ते जे करत, त्यासाठी लोक मेहकराहूनही येत. खिळ्यावर टांगलेला टॉवेल, वहाणांचा जोड, विड्यांचं अर्धं बंडल, फोडलेला कांदा. सगळं लाकडाचं आणि सगळं रंगवलेलं. शेजारचे गुलाबराव एकदा पंक्तीतून हात धुऊन आले आणि त्या टॉवेलाला हात पुसायला गेले. खिळ्यासकट तो पायावर आला तेव्हा त्यांनी जी शिवी हासडली, ती पोरांनी पुढे वर्षभर म्हटली.

गाव फसायचं. जनकाबाई मात्र कधीच नाही.

ती अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांची खिचडी रांधून दुपारी घरी यायची, पिशवी खुंटीला लावायची आणि पाठमोरी असतानाच म्हणायची, "मोरीतला साबन तुमचा हाये वाटते."

"कशावरून?"

"धुन्याचा साबन मधात झिजते. तुमी कधी कपडे धुतले असते तं समजलं असतं."

पंजाबराव चिडायचे, पण साबण पुन्हा हातात घ्यायचे. वहाणांच्या वेळीही तिनं एका नजरेत सांगितलं होतं, "हे दुसऱ्याच कोन्या मानसाची हाये. तुमी डाव्या पायावर जोर देता." त्यांनी आपल्या जुन्या वहाणा उलट्या करून पाहिल्या. डावी टाच खरंच जास्त झिजली होती. लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत त्यांचा हात जो सुधारला, तो अशा बोलण्यांवर. गावाची वाहवा त्यांना आवडायची. पण कोणतीही वस्तू हातावेगळी झाली की ते तिच्या येण्याची वाट बघत बसायचे. एकदा तरी तिला फसवायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी जन्मभर मनात धरली होती.

मलकापूरच्या दवाखान्यात नर्स असलेली त्यांची मुलगी धम्मशीला दुसऱ्याच दिवशी आली. मेहकरच्या दाताच्या डॉक्टरांनी तुटलेला दात काढला. तिथून तिनं दोघांना बुलढाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलत होते. त्यांनी जनकाबाईला वार विचारला, गावाचं नाव विचारलं, शंभरातून सात वजा करायला सांगितले. जनकाबाई दर प्रश्नाला पदर सावरत हसत होती. मग त्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं. "यांना हा त्रास कधीपासून आहे?"

"मंगळवारपासून," पंजाबराव म्हणाले.

धम्मशीलाची मान गर्रकन वळली. "दोन वर्षं झाली असतील, डॉक्टर," ती म्हणाली, आणि मग वडिलांकडे वळून हळू आवाजात बोलू लागली. "बाबा, जयंतीच्या दिवशी विहारातून घरी यायची वाट भुलली होती माय. गुलाबरावकाकानं आनून सोडलं. मले वंदनामावशीच्या नावानं हाक मारते, मावशीले जाऊन दहा वर्सं झाले. चहात मीठ टाकते. मी फोनवर सांगून सांगून थकली. तुमी काय म्हनत होते?"

"वयानं होते, म्हनलो," पंजाबराव म्हणाले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. हा आजार मागे फिरत नाही, हेही सांगितलं. जनकाबाई तेवढा वेळ टेबलावरच्या प्लास्टिकच्या फुलांवरून बोट फिरवत होती. "छान हायेत," ती म्हणाली. "पानी घालत जा."

घरी आल्यावर पंजाबराव लाकडाची भाकर घेऊन ओसरीत बसले. रक्त धुऊन टाकलं होतं. एका बाजूनं दोन दातांच्या खुणा उमटल्या होत्या. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली.

जनकाबाईची भाकर कंपासानं आखल्यासारखी गोल असायची. लग्न होऊन आली तेव्हापासून. ही गोल नव्हती. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ, कडेला करपलेली, आणि काठापासून आत बोटभर चीर गेलेली.

हे त्यांनी मनानं केलं नव्हतं. नमुना म्हणून ते रोज सकाळी तिच्याकडून एक भाकर मागून घेत आणि समोर ठेवून कोरत. चार महिने तिनं दिलेली भाकर अशीच होती, वाकडी, फाटलेली, जळकी. आणि त्यांना आनंद झाला होता. गोल भाकर कोणीही कोरेल, पण ही चीर कोरायला डोळा लागतो, असं ते गुलाबरावांनाही म्हणाले होते. त्या एका चिरेवर त्यांनी अकरा दिवस घातले होते. आतल्या बाजूचा ओलसर रंग, काठाशी सुटलेले कण, सगळं हुबेहूब. जिच्या हातून कधी चीर पडली नाही, तिच्या हातून ती रोज का पडते आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ती तीन हातांवर चुलीपुढं बसलेली असायची. ते भाकर उचलून उजेडात नेत आणि तिच्याकडे पाठ करून कामाला लागत.

"बाबा," धम्मशीला पोतं घेऊन आली. "हे सगळं घरातून काढा आता. त्या कांद्याले चावलं, चुलीतला इस्तू तुमच्या लाकडाचा समजून हातात घेतला, तं काय करान? शाळेले देऊन टाका. लोकं तं खुशीनं नेतीन."

"राहू दे," ते म्हणाले. "मी पाहतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणातली चूल पेटवली, तिच्यावर जनकाबाईच्या आंघोळीच्या पाण्याचं पातेलं चढवलं आणि पोतं जवळ ओढून घेतलं. आधी भाकर घातली. पांगारा हलका, लगेच पेटला. मग टॉवेल, मग साबण, मग वहाणा. तेलरंगाचा काळा, घशाला झोंबणारा धूर सगळ्या आळीत पसरला.

गुलाबराव धोतराचा सोगा नाकाशी धरत धावत आले. "अहो, काय करून राह्यले हे? सारी जिंदगी जाळता का काय?"

"पानी तापवून राह्यलो," पंजाबराव म्हणाले.

गुलाबराव काही वेळ उभे राहिले. पोत्याकडे त्यांचा हात गेला, तसाच मागे आला. मग तेही चुलीपाशी उकिडवे बसले आणि दोघंही जाळ पुढे सारत राहिले. पाणी उकळायला लागेपर्यंत पोतं रिकामं झालं होतं. धम्मशीलानं दारातून पाहिलं. तिनं आईला आंघोळ घातली, केस विंचरून दिले आणि दुपारच्या गाडीनं ड्युटीवर गेली.

त्या दिवसापासून जनकाबाई जेवेना. ताट पुढं आलं की ती तोंडावर पदर धरायची. भात दिला तर दोन घास जायचे. भाकर दिसली की ती भिंतीकडे सरकायची. कशाला भ्यायची ते तिला सांगता येत नव्हतं. दात तुटल्याचंही तिला आठवत नव्हतं. पण जबड्यानं ते धरून ठेवलं होतं.

पंजाबराव थापायला शिकले. पहिल्या आठवड्यात भाकर परातीतच फाटायची. कधी तव्यावर टाकताना दुमडायची. दोन बोटं भाजली. सरस्वतीबाई, गुलाबरावांच्या घरच्या, दारात उभ्या राहून सांगायच्या, "पानी गरम घ्या भाऊजी, पीठ जरा मळा, अजून मळा." पटाशी धरून घट्टे पडलेल्या हातांना पिठाचा मऊपणा समजत नव्हता. तरी एक दिवस एक भाकर फुगली.

ती त्यांनी कुस्करली, दुधात भिजवली आणि घास तिच्या तोंडाशी नेला. जनकाबाईनं ओठ घट्ट मिटले.

मग त्यांनी तो घास स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावला. तोंड उघडून तिला दाखवलं, जीभ बाहेर काढून दाखवली. ती वाकून नीट पाहत राहिली, अंगणवाडीत पोरांच्या तोंडात पाहायची तशी.

"मऊ हाये का?"

"मऊ हाये."

तिनं तोंड उघडलं. एक घास गेला, दुसरा गेला. तिसऱ्या घासाला तिनं त्यांचा हात धरून थांबवलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं. पंजाबरावांच्या हातातली वाटी कलली.

"लय कष्ट घेऊन राह्यले तुमी, भाऊ," जनकाबाई म्हणाली. "जा आता घरी. तुमच्या घरची वाट पाहत असन."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पंजाबरावांनी वाटीच्या कडेला लागलेले कण बोटानं निपटून एकत्र केले.

"जातो," ते म्हणाले. "एवढं खाऊन घे मंग जातो."