देवाच्या वाट्याची दारू

धानोऱ्याकडच्या त्या टोल्यावर, त्या छोट्याशा वस्तीत, दारू बंद झाली ती बायांच्या दणक्यानं. दारूसाठी आंबवलेला मोहफुलांचा सडवा भरलेली मडकी त्यांनी नाल्याच्या काठावर आणून फोडली आणि त्यात सगळ्यांत पुढे होती बुधरी. तिला पुढे होणं भागच होतं, कारण टोल्यातला सगळ्यांत मोठा पिणारा तिच्याच घरात होता. पोचू, तिचा नवरा.

माणूस वाईट नव्हता हो. उंच झाडावरचं मधाचं पोळं काढावं तर त्यानंच, आणि हसवायला बसला की रडतं पोर गप्प व्हावं. पण अलीकडे सकाळी त्याचे हात थरथरायचे, तेंदूपानांचा साधा पुडा बांधता यायचा नाही. घोटभर पोटात गेली की मग हात जाग्यावर यायचे. बुधरी म्हणायची, दारूनंच याचे हात नेले. ते खरंच होतं, पण अर्धंच.

बंदीतून एकच सूट ठेवली होती. देवाला आणि मेलेल्या माणसाला मोहाच्या दारूशिवाय चालत नाही, ही वाडवडिलांची रीत. तेवढ्यापुरती एक बाटली गावपुजारी लालसूच्या घरी, आढ्याला टांगलेली. तिला कुणी हात लावायचा नाही, असं सभेत बुधरीनंच बजावलं होतं.

मडकी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचूला दरदरून घाम सुटला. अंग कापू लागलं, भाताची पेजही पोटात ठरेना.

"बुधरे, एक घोट आण कुठून तरी," तो म्हणाला. "एकच. मंग मी आपल्या मनानं सोडतो."

"आतापर्यंत कितीदा सोडली तू? नाटकं नको करू."

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. असल्या घामाचंही सोंग आणता येत नाही, पण बुधरीला ते तेव्हा कुठून कळावं? इतकी वर्षं त्यानं तिला इतक्या वेळा फसवलं होतं.

पुढच्या सकाळी तो भिंतीवरच्या मुंग्या झटकू लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. म्हातारा लालसू धावत आला.

"बाई, याचं लक्षण बरं नाई. देवाच्या वाट्यातली घोटभर याले देतो, अन् गाडी जुंपून दवाखान्यात नेऊ. देवाले मी समजावतो, तो काई माह्या शब्दाबाहेर नाई."

बुधरीनं अंगणात पाहिलं. कुंपणाशी बाया उभ्या होत्या, तिच्याच सोबत मडकी फोडलेल्या. आज आपल्याच घरात घोट गेला तर उद्या कोणाच्या नवऱ्याला अडवायचं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतील. आणि गाडी जुंपली तर बंदीनंच माणूस आजारी पडला, अशी बोंब होईल. ती म्हणाली, "नाई, भाऊ. घोटबी नाई अन् गाडीबी नाई. जिरू द्या त्याची."

मग पदरानं पोचूचं कपाळ पुसत हळूच म्हणाली, "एवढं काढ रे. यातून सुटशीन."

त्यानं शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. तो नुसता "बरं" म्हणाला.

उन्हं चढली आणि त्याचे डोळे फिरले, दातखीळ बसली, सारं अंग झटके देऊ लागलं. तेव्हा कुठे गाडी जुंपली गेली. धानोऱ्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत पोचूचा श्वास तुटत आला होता. डॉक्टरांनी, नर्सनं धावपळ केली, पण तो काही परतला नाही.

"सवय लय वर्षांची होती का, बाई?" नर्स सायमानं नंतर विचारलं.

"लय. मीच एकदम बंद केली," बुधरी म्हणाली.

सायमा तिच्याजवळ बाकावर बसली. "सोडवाची तं होतीच. पण इतकी जुनी सवय एकदम तोडली का शरीरच उलटते. इथी ठेवून, दवा देऊन सोडवा लागते."

"घोटभर देली असती तं?"

सायमानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "लवकर आणलं असतं तं," एवढंच ती म्हणाली. ती रागावली असती तर बुधरीला सोसलं असतं. त्या हातानं मात्र ती कोसळली.

पोचूला माती दिली. लालसूनं देवाच्या वाट्याची बाटली आणली, पळसाच्या पानांचा दोना बुधरीच्या हातात दिला. रीतच होती ती. मेलेल्याला त्याचा घोट दिल्याशिवाय पुढची वाट मिळत नाही.

"दोन थेंब सोड, बाई."

बुधरीनं दोना खाली ठेवला आणि बाटलीच हातात घेतली. सगळ्या बाया पाहत होत्या. तिनं बाटली उलटी केली. कोरडी माती दारू पीत गेली, मोहाचा वास पसरला.

"पुरे, बुधरी," लालसू कळवळून म्हणाला. "देवाले ठेव थोडी."

"देव थांबते, भाऊ," ती म्हणाली. "यानं एकच घोट मांगतला होता."

बाटली रिकामी झाली तरी तिनं ती तशीच धरून ठेवली होती.